भुंग्याची खोली

१

बाळंतिणीला काम असं काही नसतं, आणि तरी दिवसभर तिला फुरसत म्हणून मिळत नाही. भार्गवीचं तेच चाललं होतं. सकाळी गंगव्वा यायची, पदर खोचायची आणि तिला पाटावर बसवून असं काही तेल रगडायची की ‘आई गं’ शेजारच्या घरापर्यंत ऐकू जावं. मग कढत पाण्यानं न्हाणं, मग बाळीची अंघोळ, मग ओव्याची आणि शेपांची धुरी. धुरी झाली की भार्गवीच्या डोक्याला टापर बांधायची, कानांत कापसाचे बोळे कोंबायचे, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची आणि मायलेकींना खोलीत बंद करून टाकायचं. दार ओढून घ्यायच्या त्या प्रमोदिनीबाई, भार्गवीच्या आई. जाता जाता रोज एकच वाक्य.

“वारा लागू देऊ नकोस गं. आत्ता कळत नाही, पण पुढे जन्मभर कान ठणकतात.”

बाळीचं बारसं होऊन गेलं होतं, सिद्धी नाव ठेवलं होतं. नवरा बारशाला येऊन, दोन दिवस मिरवून पुण्याला परत गेला होता. आता राहिला होता तो बेंगळूरचा डिसेंबर आणि मल्लेश्वरमच्या त्या जुन्या घराच्या थंडगार लाल फरश्या. बाळंतिणीची बाज खरं तर मधल्या खोलीत टाकायची, असं ठरलं होतं. पण घरातली सगळ्यात उबदार खोली कुठली, हे विचारायची गरजच नव्हती. ती मागची, भुंग्याची खोली.

“याच्यापेक्षा चांगली खोली शोधून मिळायची नाही,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या होत्या. “एका फटीतून वारा येईल तर शपथ. तुझ्या अण्णांनीच करून ठेवलीय.”

२

भुंगा म्हणजे गुंडोअण्णांचं यंत्र. गुंडोअण्णा हे भार्गवीचे वडील. मूळचे बेळगावकडचे, बेंगळुरात एका कारखान्यात विजेची उपकरणं बनवण्याच्या खात्यात होते. परदेशात म्हणे सतारीच्या तारेशिवाय, पेटीच्या पात्याशिवाय, नुसत्या विजेतून सूर काढतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि गृहस्थ पेटला. मग आपल्याला का जमू नये? कारखान्यातून सुटले की घरी येऊन तेच. भार्गवी पाच वर्षांची असेल, तेव्हा मागच्या खोलीत सागवानी कपाटाएवढं एक प्रकरण उभं राहिलं. त्याला शेकडो वायरी, वीसपंचवीस बटणं, मधोमध एक मोठं पितळी चक्र आणि खाली हार्मोनियमच्या पट्ट्या. सिंथेसायझर हा शब्द गल्लीत कुणी ऐकलेलाही नव्हता. रात्रंदिवस गूं गूं चालायचं म्हणून लोकांनी नाव ठेवलं भुंगा, आणि तेच चिकटलं. नाटकवाले मेघगर्जना मागायला यायचे, सुगम संगीतवाले कुतूहलानं यायचे, काही जण नुसते हसायला यायचे. अण्णा सगळ्यांना कॉफी द्यायचे.

भुंग्याची खोड एकच होती. हवा गार झाली की त्याचा सूर चढायचा, तापली की उतरायचा. दारावरून ढग गेला तरी कळायचं. म्हणून अण्णांनी जुनं घोंगडं कापून खिडक्यांच्या फटीफटींत पट्ट्या ठोकल्या, दाराच्या चारी कडांना ठोकल्या. एवढं करूनही रोज संध्याकाळी सूर लावावा लागायचाच, आणि त्यासाठी लागायची भार्गवी.

गल्लीतल्या पोरी लगोरी खेळत असायच्या आणि ही यंत्रापाशी उभी. अण्णा स्टुलावर बसून पितळी चक्र दोन बोटांनी किंचित फिरवायचे, थांबायचे आणि तिच्याकडे बघायचे.

“उतरलंय, अण्णा.”

“स्वल्प?”

“स्वल्प.”

मग ती आपला सा द्यायची आणि अण्णा चक्र फिरवत फिरवत त्याच्यापाशी आणून सोडायचे. तिचा कान असा होता की बेसूर तिला सहनच व्हायचं नाही, दात शिवशिवायचे. ताप असो, गालगुंड असो, सा द्यायचा म्हणजे द्यायचाच. पाहुण्यांना अण्णा अभिमानानं सांगायचे, “हा सूर माझा नव्हे हो. ही याच घरात जन्मली, तेव्हा पहिल्यांदा रडली ना, तो कानात धरून ठेवलाय.” पाहुणे वा वा करायचे. भार्गवीच्या मात्र तेव्हा अंगावर काटा यायचा. आपलं रडणं कुणीतरी आपल्याला न विचारता ठेवून घेतलंय, असं तिला वाटायचं.

लग्न होऊन ती पुण्याला गेली तेव्हा अण्णांनी दुसरं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “आता सा कोण देणार गं?”

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली होती. भुंगा तेव्हापासून बंद होता. त्याची वायर गुंडाळून खिळ्याला अडकवलेली होती, आणि ती बाजेवरून भार्गवीला सरळ समोर दिसायची.

३

पहिल्यांदा कळलं ते पाठीला. दुपारी ती बाजेवर आडवी होती, सिद्धी कुशीत होती. बाजेच्या लाकडातून काहीतरी बारीक थरथरत मणक्यापर्यंत आलं आणि मणक्यातून डोक्यात. गूं.

कानांत बोळे होते, त्यामुळे बाहेरचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिनं एक बोळा काढला. खोली गप्प होती. सिद्धीचा श्वास, निखाऱ्याची एक तडतड, बस. बोळा परत घातला आणि ते पुन्हा आलं.

आपलंच रक्त कानांत वाजत असेल, तिनं स्वतःची समजूत घातली. बाळंतपणात रक्त कमी होतं, डॉक्टरीण म्हणाली होतीच. किंवा शेजारच्यांचा इडलीचा ग्राइंडर. किंवा संपिगे रोडवरून लॉरी गेली असेल. कारणं काय, मागाल तेवढी मिळतात. पण लॉरी जाते तर निघूनही जाते ना! हे जात नव्हतं. ते एका सुरावर उभं होतं, आणि तो सूर कुठला हे भार्गवीला कुणी सांगायला नको होतं.

ती उठून यंत्रापाशी गेली. वायर खिळ्यावर होती, तिच्यावर धूळ बसलेली. सागवानावर तळवा ठेवला तर लाकूड उबदार लागलं. शेगडीची ऊब, ती म्हणाली, दुसरं काय? तरी तळवा तिनं पटकन काढून घेतला. डोकं भयंकर ठणकत होतं.

४

आठवडा असाच गेला. रोज दुपारी दार बंद झालं की जरा वेळानं बाज थरथरू लागायची. संध्याकाळी आई दार उघडून कॉफी घेऊन आली की थांबायची. भार्गवीचं डोकं दुखायचं, मळमळायचं, खाल्लेला डिंकाचा लाडू वर यायचा. आणि सिद्धी दिवसेंदिवस शांत होत चालली होती.

“किती शहाणं लेकरू!” प्रमोदिनीबाई कौतुकानं म्हणायच्या. “तू तर घर डोक्यावर घ्यायचीस. हिचा आवाज म्हणून नाही.”

हीच तर भीती होती. पहिल्या आठवड्यात सिद्धीचं रडणं दोन घरांपलीकडे जात होतं. आता दुपारी ती नुसती कुरकुर करायची, आणि ती कुरकुरली की ती थरथर हलकेच सरकून तिच्या सुराला जाऊन मिळायची. दोन-तीनदा भार्गवीनं नीट लक्ष देऊन पाहिलं. आधी बाळ, मग यंत्र. जणू कुणीतरी सा जुळवून घेत होतं. आणि बाळी मान कलती करून भुंग्याकडे तोंड करून निजायची.

आधी माझा घेतला, भार्गवीच्या मनात आलं, आता हिचा घेताहेत. मी निघून गेले, म्हणून हिचा. आपल्याच बापाबद्दल असा विचार आला याची तिला लाजही वाटली आणि धडकीही भरली. शिकलेली बाई, कॉलेजात भौतिकशास्त्र घेतलेली! पण घेतलंन् तर लेकराचं सगळंच घेईल हे यंत्र, हा विचार काही केल्या जाईना.

“आई, भुंगा आजच्या आज बाहेर काढ.”

“अगं, रविवारी बिंदुमाधव येतोय ना टेम्पो घेऊन? चार दिवसांनी काय बिघडतं? त्यांचं तेवढंच तर राहिलंय घरात.”

बिंदुमाधव हा अण्णांचा शिष्य म्हणा, मदतनीस म्हणा. आता एका संस्थेत शिकवत होता, आणि तिथे भुंगा जपून ठेवायचं ठरलं होतं.

“मग मला मधल्या खोलीत झोपू दे. माझं डोकं फुटतंय इथे.”

“डोकं दुखतंय?” प्रमोदिनीबाईंनी लेकीच्या कपाळाला हात लावला. “बघ, गारठा बाधलाय तुला. आणि म्हणे मधल्या खोलीत जाते! गंगव्वा, उद्यापासून शेगडीत जास्त निखारे घाल गं.”

“सरी, अम्मा,” म्हणून गंगव्वानं मान डोलावली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रमोदिनीबाई देवळात जाऊन येते म्हणून बाहेर पडल्या. गंगव्वा मागच्या अंगणात लंगोट पिळत होती. शेगडी काठोकाठ फुललेली, दार घट्ट ओढलेलं.

भार्गवीला झोप लागत होती, आणि खरं सांगायचं तर ती झोप फार गोड होती. डोकेदुखी कुठेतरी लांब गेली होती. हात उचलावासा वाटत नव्हता, डोळा उघडावासा वाटत नव्हता. असंच पडून राहावं आणि कुणी उठवू नये, एवढंच वाटत होतं.

गूं.

आलं परत. येऊ दे, तिला वाटलं. पण आज ते मणक्यात थांबलं नाही, थेट दातांत आलं. आणि ते उतरलेलं होतं.

तिनं दुर्लक्ष केलं. ते आणखी उतरलं. उतरलंय, ती मनात म्हणाली, जुनी सवय. ते जरा थांबलं, वाट पाहिल्यासारखं, आणि मग आणखी खाली घसरलं. इतकं बेसूर, इतकं घाणेरडं की कान असलेल्या माणसाला ते सोसवणारच नाही. दात शिवशिवायला लागले. भार्गवीला संताप आला, अगदी खरा संताप. मेल्यावरसुद्धा सोडत नाहीत! बाळंतिणीलासुद्धा झोपू देत नाहीत! घ्या, घ्या तुमचा सा आणि गप्प व्हा एकदाचे, असं म्हणून तिनं तोंड उघडलं.

सा आला नाही.

तिनं पुन्हा श्वास घेतला. छाती हलली, पण आवाज म्हणून फुटेना. गालगुंड आलेलं असताना दिला होता, परीक्षेच्या तापात दिला होता, अण्णांशी भांडण झालेलं असतानाही दिला होता. सा देता येत नाही, असं तिच्या आयुष्यात एकदाही झालं नव्हतं. काहीतरी फार चुकलंय, हे तेव्हा कुठे तिच्या डोक्यात शिरलं. तिनं डोळे उघडले आणि कुशीतल्या सिद्धीकडे पाहिलं.

गाल नको तितके लाल. तोंड उघडं. दुपट्यातून निसटलेला एक हात बाजेच्या कडेवरून लोंबत होता. भार्गवीनं तिला हलवलं, तर मान एका बाजूला पडली.

ती बाजेवरून उतरली नाही, पडलीच. पाय तिचे नव्हतेच. एका हातानं लेकराला छातीशी धरून ती त्या लाल फरशीवरून सरपटायला लागली. दाराकडे जायचं तर भुंग्याच्या पुढून जावं लागत होतं. ती पुढून गेली आणि तेव्हा तिनं बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं गेलं.

निखाऱ्यांच्या उजेडात पितळी चक्र चमकत होतं, आणि ते फिरलं. किंचित. दोन बोटांनी फिरवावं तसं. मग थांबलं. शेजारच्या स्टुलावरची उशी मधोमध दबलेली होती. उशीच्या वर तिनं नजर नेली नाही.

दार घोंगड्याच्या पट्ट्यांनी घट्ट बसलेलं. तिनं बसल्या बसल्या कडी धरून ओढलं. ते हललं नाही. पुन्हा ओढलं. हातात जोर नव्हता. “सोडा हो,” ती म्हणाली, की म्हणाली असं तिला नुसतं वाटलं, “अण्णा, हिला सोडा.” आणि त्याच क्षणी बाहेरून कुणीतरी दाराला धाडकन खांदा मारला.

गंगव्वा उभी होती. डिसेंबरचा गार वारा सपकन आत आला. गंगव्वानं बाळी हिसकावून घेतली आणि अंगणात धावली, भार्गवी उंबऱ्यावरच आडवी झाली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाठीमागच्या खोलीत तो सूर हळूहळू वर चढायला लागला, चढत चढत नेमका जागेवर आला आणि तिथे थांबला. अंगणात सिद्धीनं टाहो फोडला. त्याच सुरात.

तिनं श्वास घ्यायला रडणं थांबवलं, तेव्हा खोलीतून काहीही ऐकू येत नव्हतं.

६

दवाखान्यात दोघींना एक रात्र ठेवून घेतलं, नळीनं प्राणवायू दिला. तिथली डॉक्टरीण रागीट होती, आणि तिला रागवायचा हक्क होता. कोळशाचा विषारी वायू, तिनं सांगितलं. दिसत नाही, वास येत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवली की तो साठत जातो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, मग उठतच नाही माणूस. दर हिवाळ्यात अशी एखादी बाळंतीण येते म्हणाली. आणि वेळेवर सगळ्याच येत नाहीत.

प्रमोदिनीबाई हमसून हमसून रडल्या. “मीच गं, मीच जास्त निखारे घालायला लावले. आणि लेकरू शहाणं म्हणून कौतुक करत बसले!”

“राहू दे आई. दूध पितेय ती. बघ कशी पितेय.” भार्गवीच्या अंगातून आठवडाभराची भीती पाण्यासारखी निथळून गेली होती. तिला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि भूक तर अशी लागली होती की तिनं तीन इडल्या खाल्ल्या आणि आणखी मागवल्या.

दुपारी गंगव्वा बघायला आली.

“गंगव्वा, तू नेमकी कशी आलीस गं दाराशी?”

“म्हणजे काय, अक्का? पापा, आपलं बाळ हो, किती वेळ रडत होतं! मी म्हटलं अक्का घेईल, अक्का घेईल. थांबेचना. एकसारखं, न थांबता. म्हणून लंगोट टाकून पळाले.”

दार उघडेपर्यंत सिद्धी रडली नव्हती. रडण्याएवढा श्वासच तिच्यात नव्हता.

७

रविवारी बिंदुमाधव टेम्पो घेऊन आला. खोलीच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, घोंगड्याच्या पट्ट्या उपटून अंगणात ढीग करून ठेवल्या होत्या. इतक्या वर्षांनी त्या खोलीत ऊन आलं होतं आणि कोळ्यांची फार पंचाईत झाली होती.

“नेण्याआधी एकदा वाजवून बघू या, वहिनी,” बिंदुमाधव प्रमोदिनीबाईंना म्हणाला. त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि तिच्यातून एक जड लोखंडी डबा काढला.

“हे काय?” भार्गवीनं विचारलं.

“याचं काळीज. वीज इथून सगळीकडे जाते. अण्णा होते तेव्हाच दुरुस्तीला नेला होता मी, मग ते गेले आणि राहूनच गेला माझ्याकडे. बघ ना.” त्यानं मागची फळी उघडून दाखवली. आत खालच्या कप्प्यात डब्याएवढी जागा रिकामी होती आणि तिथे चार वायरी नुसत्या लोंबत होत्या.

भार्गवीनं त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. तिला वाटलं होतं, आपण घाबरू. पण भीती वाटली नाही.

बिंदुमाधवनं डबा बसवला, वायर खिळ्यावरून काढून जोडली. यंत्र तापायला वेळ दिला, तोवर कॉफी झाली. मग त्यानं पांढऱ्या सात पट्ट्यांतली पहिली दाबली. भुंगा बोलला. बिंदुमाधवनं खिशातून सूर मोजायचं छोटं उपकरण काढून समोर धरलं, आणि त्याचा चेहराच बदलला.

“हे कसं शक्य आहे? दोन वर्षं बंद पडलेलं यंत्र. तासाभरात उतरायचा याचा सूर. आणि आता बघ, काटा मधोमध! कुणी लावला गं?”

“अण्णांनीच,” भार्गवी म्हणाली. “दुसरं कोण लावणार?”

त्याला वाटलं, ती दोन वर्षांपूर्वीचं बोलतेय. त्यानं मान हलवली आणि गुरूच्या आठवणीनं डोळे पुसले.

चौघांनी मिळून भुंगा टेम्पोत चढवला. घोंगड्याच्या त्याच पट्ट्या त्याच्याभोवती गुंडाळल्या. भार्गवीनं सागवानावर तळवा ठेवला आणि या वेळी लगेच काढला नाही. लहानपणी ज्या पितळी चक्राचा तिला राग यायचा, त्यालाही तिनं एकदा बोट लावलं. तिला अण्णांची इतकी आठवण आली की तिथेच, गल्लीत, सगळ्यांच्या देखत ती रडली. मग टेम्पो वळून दिसेनासा झाला.

घरात येऊन तिनं डोक्याची टापर सोडली आणि कानांतले बोळे काढून टाकले.

“अगं, वारा...” प्रमोदिनीबाई बोलायला गेल्या, आणि मग त्यांनीच खिडकीचं अर्धवट लोटलेलं दार पूर्ण उघडलं.

एवढ्यात सिद्धी उठली. भूक लागली होती. आधी ओठ काढले, मग मुठी आवळल्या आणि मग असं काही भोकाड पसरलं की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. भार्गवीनं तिला उचललं. सवयीनं कान तिकडे गेलाच.

“स्वल्प चढलंय, अण्णा,” ती म्हणाली, आणि थांबली.

खोलीत कुठलंही चक्र फिरलं नाही. कुणीही तो सूर खाली आणला नाही. सिद्धी आपल्याच सुरात रडत राहिली आणि भार्गवीनं हसत हसत तिला पदराखाली घेतलं.